मान्यतेची वाट पाहत किमान वेतन सोडू नका

वाचकाचे पत्र (थोडे आटोपते करून):

"नमस्कार. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी सहा वर्षे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं) मशीन चालवतो. कायम कामगार ११८, ठेकेदाराची माणसं १६० च्या आसपास आणि २२ ट्रेनी. एप्रिलपासून आम्ही ४१ कायम कामगार एका नोंदणीकृत संघटनेचे सभासद आहोत. माझ्या स्लिपवर बेसिक ६,०००, स्पेशल अलाउन्स ३,२००, घरभाडे २,४००, कन्व्हेयन्स १,५०० आणि हजेरी बक्षीस ९०० असे १४,००० रुपये दिसतात. हुद्दा 'हेल्पर' लिहिलाय. महिन्याला चाळीस तास ओव्हरटाइम होतो, त्याचे तासाला ६० रुपये मिळतात. एचआरवाले म्हणतात, तुमच्या युनियनला मान्यता नाही, पगारावर तिच्याशी बोलणार नाही. आता त्यांनीच एक कामगार समिती नेमलीय आणि एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतायत. आधी मान्यता मिळवायची की आधी पगाराचं बघायचं? ठेकेदाराच्या पोरांना बरोबर घेता येईल का? आणि पुढं झालो तर नोकरी जाईल का?"

उत्तर:

एचआरने तुम्हाला अर्धं खरं सांगितलंय. मान्यता नसलेल्या, म्हणजे न्यायालयाने कामगारांच्या वतीने बोलणी करायचा अधिकार न दिलेल्या, संघटनेशी पगारवाढीची बोलणी करायला कंपनी बांधील नाही, इतकं खरं. पण किमान वेतन ही बोलणीची गोष्टच नाही. ते सरकारने ठरवलेलं असतं आणि त्यासाठी मान्यता तर सोडाच, संघटनाही लागत नाही. एकटा कामगारसुद्धा दावा लावू शकतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: दोन्ही कामं आजपासून एकदम सुरू करा, पण पगाराचा दावा मान्यतेवर अडवून ठेवू नका. मान्यतेला कमीत कमी सहा महिने लागतात, प्रत्यक्षात बरेचदा जास्त. तेवढे महिने कमी पगार घेत राहण्याचं काही कारण नाही. शिवाय ४१ जणांचा हिशेब कागदावर मांडला की उरलेले ७७ जण आपापली स्लिप काढून पाहू लागतात. सभासद वाढवायला याहून चांगला मार्ग नाही.

आधी स्लिप वाचू. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात: उद्योग, परिमंडळ (म्हणजे कारखाना कोणत्या भागात आहे) आणि कौशल्याची वर्गवारी पाहून ठरलेला मूळ दर, आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलणारा विशेष भत्ता. हा सरकारी 'विशेष भत्ता' आणि तुमच्या स्लिपवरचा 'स्पेशल अलाउन्स' यांचं नाव सारखं असलं तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळ कामगार फसतात. कंपनीने दोन रकाने वेगळे दाखवलेच पाहिजेत असंही नाही. एअरफ्रेटच्या खटल्यात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मूळ दर आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या दरापेक्षा जास्त वेतन एकत्रित मिळत असेल, तर महागाई भत्ता वेगळा द्यावा लागत नाही. तेव्हा 'आम्हाला विशेष भत्ता वेगळा दिला नाही' अशी तक्रार लिहू नका, ती टिकणार नाही. 'एकूण वेतन किमान दरापेक्षा कमी पडतं' असं लिहा.

आता वेतनात काय धरायचं? वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या व्याख्येत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम आणि बोनस वेतनातून वगळले आहेत. जुन्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात घरभाडे धरलं जात असे, आता नाही. कंपनीने पगारपत्रक जुन्याच सवयीने ठेवलंय, तिथेच ती अडकते. मात्र एक बारकाई आहे: वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्यावरचा भाग परत वेतनात धरला जातो. तुमच्या बाबतीत घरभाडे आणि कन्व्हेयन्स मिळून ३,९०० होतात. हे १४,००० च्या निम्म्याहून बरेच कमी आहेत, त्यामुळे परत काही जोडायचं नाही. उरले बेसिक आणि स्पेशल अलाउन्स, म्हणजे ९,२००. हजेरी बक्षिसाचे ९०० वेतनात धरा असं कंपनी म्हणेल. एक दिवस खाडा झाला की जी रक्कम जाते ती वेतन नव्हे, असं तुम्ही म्हणा. दाव्यात हिशेब ९,२०० वर करा आणि ९०० चा मुद्दा खाली टीप म्हणून लिहा, म्हणजे काही लपवलं असं होत नाही.

हिशेब समजावा म्हणून तुमच्या वर्गवारीचा चालू दर महिन्याला १३,००० आहे असं धरू. (खरा दर कामगार आयुक्त कार्यालयाच्या त्या सहामाहीच्या पत्रकातून घ्या. मागच्या सहामाहीचा दर लावला तर पूर्ण तक्ता चुकतो.) १३,००० वजा ९,२०० म्हणजे फरक ३,८०० रुपये. ओव्हरटाइमसाठी १३,००० ला २६ ने भागा: दिवसाला ५००. त्याला ८ ने भागा: तासाला ६२ रुपये ५० पैसे. ओव्हरटाइम दुपटीने द्यावा लागतो, म्हणजे तासाला १२५. चाळीस तासांचे ५,००० व्हायला हवेत, मिळाले २,४००, फरक २,६००. दोन्ही मिळून महिन्याला ६,४०० रुपये. ४१ जणांचे बारा महिन्यांचे धरले तर ३१,४८,८०० रुपये होतात. वेतनाचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकरणाला या फरकावर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. इतकी भरपाई क्वचित मिळते, तिच्यावर आशा ठेवून बसू नका. पण कंपनीचा वकील हा आकडा मालकाला नक्की सांगतो.

कंपनीत पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर राज्याच्या १९८३ च्या कायद्याने वेतनाच्या किमान ५ टक्के घरभाडे भत्ता वेगळा द्यावाच लागतो. तुम्हाला तो मिळतोय, त्यामुळे तिथे तक्रार नको. घरभाड्याचेच पैसे किमान वेतनात दाखवायचे, हा दुहेरी वापर तेवढा चालू देऊ नका.

मोठा मुद्दा हुद्द्याचा आहे. सहा वर्षे सीएनसी चालवणारा माणूस हेल्पर म्हणजे अकुशल कसा? वर्गवारी नावावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून ठरते. पण ते सिद्ध करावं लागतं. तुमच्या मशीनवर रोज जॉब कार्ड येतं: त्यावर तारीख, पाळी, मशीन नंबर, पार्ट नंबर आणि ऑपरेटरच्या रकान्यात तुमचं नाव किंवा टोकन नंबर असतो. पहिला नग तपासून सही कोण करतं? टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, मशीनला कोण देतं? सेटिंग तुम्ही करत असाल तर ते हेल्परचं काम नाही, हे कुणालाही पटेल. पण त्या कार्डाचा किंवा ड्रॉइंगचा मोबाइलवर फोटो काढू नका. गोपनीय माहिती बाहेर नेली म्हणून चार्जशीट द्यायला कंपनीला आयतं कारण मिळतं आणि मूळ विषय बाजूला पडतो. घरी साधी वही ठेवा. रोज आत-बाहेरची वेळ, पाळी, मशीन नंबर आणि जॉब कार्डाचा नंबर लिहा. पुढे प्राधिकरणापुढे अर्ज करा की अमुक नंबरची कार्डं, हजेरीच्या पंचिंग मशीनची नोंद आणि गेटवरचं सिक्युरिटी रजिस्टर कंपनीने हजर करावं. नंबर नेमका असला की 'सापडत नाही' म्हणणं जड जातं. आयटीआयचं प्रमाणपत्र आणि कंपनीने दिलेल्या प्रशिक्षणाची नोंद हीही जोडा.

दावा संहितेच्या कलम ४५ खाली प्राधिकरणापुढे जातो. चौकशी पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात करा. स्वतः कामगार, तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे ती संघटना किंवा निरीक्षक अर्ज करू शकतो. मुदत तीन वर्षांची आहे. संहितेपूर्वीच्या महिन्यांना जुन्या कायद्यातली सहा महिन्यांची मुदत लागते असा वाद कंपनी घालेल, म्हणून ते महिने वेगळ्या तक्त्यात दाखवा आणि सोबत विलंबमाफीचा अर्ज द्या. सरसकट एकच आकडा लिहिलेले दावे ढिले पडतात. प्रत्येक कामगाराचा एक कागद करा: महिना, हजेरीचे दिवस, लागू दर, मिळालेलं वेतन, फरक, ओव्हरटाइमचे तास, त्याचा फरक, आणि खाली सही. पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ प्रमाणे मालकावर असते. तुमचे तक्ते जितके नेमके, तितकी त्याला उत्तर देताना पळवाट कमी.

कमी पगाराला तुम्ही संमती दिली होती, असा बचाव चालत नाही. वेतनाचा हक्क सोडून देणारा करार संहितेनेच रद्दबातल ठरवला आहे. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी. 'परवडत नाही' हे कारणही नाही. किमान वेतन देण्याची ऐपत नसेल तर उद्योगाला चालू राहण्याचा अधिकार नाही, ही भूमिका क्राउन अॅल्युमिनियमच्या निकालापासून, म्हणजे १९५७ पासून, कायम आहे.

आता मान्यता. महाराष्ट्रात १९७१ चा मान्यता व अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, तो सगळे 'एमआरटीयू' म्हणून ओळखतात. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या उपक्रमात, ज्या महिन्यात अर्ज करायचा त्याच्या आधीच्या सलग सहा पूर्ण महिन्यांत कमीत कमी ३० टक्के सभासदत्व असलेली संघटना औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेचा अर्ज करू शकते. ११८ चे ३० टक्के म्हणजे ३६. तुम्ही ४१ आहात, म्हणजे फक्त पाच माणसांची ऊब आहे. सहापैकी एका महिन्यात जरी ३५ झाले तरी सहा महिन्यांची गणती पुन्हा पहिल्यापासून.

त्यात भर म्हणजे औद्योगिक संबंध संहिता, २०२० हीदेखील त्याच २१ नोव्हेंबरपासून लागू झाली. तिने १९२६, १९४६ आणि १९४७ चे तीन केंद्रीय कायदे रद्द केले. आपला राज्याचा कायदा त्या यादीत नाही. पण संहितेची स्वतःची 'वाटाघाटी संघटना' आहे: एकाहून जास्त संघटना असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना. तेवढा कुणाकडेच नसेल तर २० टक्क्यांना एक या हिशेबाने प्रतिनिधी घेऊन वाटाघाटी परिषद. दोन कायद्यांत जिथे जुळत नाही तिथे कोणता चालायचा, हा वाद कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला काढेल. त्या वादात अडकायचं नसेल तर सरळ उपाय एकच: ३० टक्क्यांवर थांबू नका. ११८ चे ५१ टक्के म्हणजे ६१. एकसष्ट सभासद पावतीसह असतील तर दोन्ही कायद्यांच्या मोजमापात तुम्ही बसता. आणखी वीस माणसं हवीत. आमच्या मते तुमचं खरं काम हे आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

कंपनी दुसरी संघटना उभी करेल हे गृहीत धरा. नोंदणीला १० टक्के किंवा १०० कामगार, यापैकी जे कमी असेल ते लागतात. तुमच्याकडे बारा माणसांत भागतं. आज नेमलेली 'समिती' उद्या संघटना म्हणून नोंदली जाऊ शकते. म्हणूनही एकसष्ट.

मान्यतेचे अर्ज कायद्याच्या मुद्द्यावर जितके पडतात, त्याहून जास्त पावती पुस्तकावर पडतात. या कायद्याखाली गुप्त मतदान नाही. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या खटल्यात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मान्यता सभासदत्वाच्या पडताळणीनेच द्यायची, दोन्ही बाजू राजी असल्या तरी मतदान घेऊन नाही. पडताळणी म्हणजे औद्योगिक न्यायालयाचा तपास अधिकारी तुमचं पुस्तक उघडून बसतो. पावतीवर क्रमांक, तारीख, नाव, टोकन नंबर, कोणत्या महिन्याची वर्गणी आणि रक्कम हवी. स्थळप्रतीवर तोच मजकूर आणि सभासदाची सही. क्रमांक सलग हवेत. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही, 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. एका पुस्तकात ४१ पावत्या, एकच शाई, एकच दिवस आणि सहा महिन्यांची वर्गणी, असं दिसलं की अधिकाऱ्याला शंका येते आणि ती रास्त असते. दर महिन्याला वर्गणी गोळा करा, त्याच आठवड्यात संघटनेच्या बँक खात्यात भरा आणि भरणा पावतीवर कोणत्या पावती क्रमांकांचे पैसे ते पेन्सिलीने लिहून ठेवा. सभासद नोंदवही, पावत्या, रोकड वही आणि पासबुक या चारही ठिकाणी आकडा एकच निघाला पाहिजे. रजिस्ट्रारला दिलेल्या वार्षिक विवरणपत्रात वेगळाच सभासद-आकडा असणं ही फार नेहमीची फजिती आहे.

वर्गणी महिन्याला निदान पन्नास पैसे हवी असं कायदा म्हणतो. रकमेला महत्त्व नाही, थकबाकीला आहे. मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर तो माणूस सभासद धरला जात नाही. रजेवर गेलेले, आजारी, निलंबित अशांची वर्गणी कोण घेणार हे आधीच ठरवा, बहुतेक गळती तिथे होते. संघटनेची घटनाही बघून घ्या: कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत, प्रत्येक ठराव इतिवृत्तात आणि सरकारने नेमलेल्या लेखापरीक्षकाला वर्षातून एकदा हिशेब तपासू देण्याची तरतूद नियमांत असलीच पाहिजे. तुम्ही बाहेरच्या संघटनेत सामील झाला आहात, म्हणून तिच्या कार्यालयात जाऊन हे नियम स्वतः वाचा. पदाधिकारी 'सगळं आहे' म्हणतात आणि तीन महिन्यांची अट नेमकी राहिलेली असते.

दुसरी अडचण: ११८ हा आकडा कुणाचा? अर्ज दाखल झाला की कंपनी कर्मचाऱ्यांची यादी देते आणि ती अचानक फुगते. पर्यवेक्षक, ऑफिसातला स्टाफ, कधी ट्रेनीसुद्धा तीत येतात. क्लार्क हे कामगारच आहेत, त्यांना वगळा म्हणू नका, उलट त्यांनाही सभासद करा. 'सुपरवायझर' नुसत्या नावाने वगळला जात नाही, तो खरोखर देखरेख करतो का ते पाहावं लागतं. औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाच्या वेतनाची मर्यादा १८,००० आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचे अॅप्रेंटिस कामगारांत मोजले जात नाहीत. तुमचे २२ ट्रेनी त्या कायद्याखाली आहेत का, त्यांचं करारपत्र बघून ठरवा. टोकन नंबरवार स्वतःची यादी आजच करून ठेवा.

मधल्या काळात काम थांबवू नका. बेकायदा संप केला किंवा त्याला चिथावणी दिली तर पुढचे सहा महिने मान्यता मिळत नाही. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवायचा संप बेकायदा. नव्या संहितेत तर निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकणं हाही संपच. 'एक दिवस सगळ्यांनी सुट्टी घेऊ' असं कुणी सुचवलं तर हे आठवा. चिडवून संप करायला लावणं ही कंपन्यांची जुनी रीत आहे.

आता तो सह्यांचा कागद. मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय आणि प्रत हातात घेतल्याशिवाय सही करू नका. समितीबरोबरचा खासगी करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो, म्हणूनच एकेकाची सही घेणं चालू आहे. कारखान्यात कार्य समिती आणि तक्रार निवारण समिती असू शकतात, त्यांचं काम पाण्याची टाकी, कॅन्टीन, वैयक्तिक तक्रारी असं असतं, वेतनकरार करणं नव्हे. मालकाने स्वतः संघटना पोसणं आणि सभासद होऊ नका म्हणून दबाव आणणं या दोन्ही एमआरटीयूच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या अनुचित कामगार प्रथा आहेत. तक्रार नव्वद दिवसांत औद्योगिक न्यायालयात करावी लागते आणि तातडीचा अंतरिम आदेशही मागता येतो. कोणी, कोणत्या तारखेला, कुठल्या केबिनमध्ये बोलावलं, काय म्हटलं आणि सोबत कोण होतं, हे त्याच रात्री लिहा. 'कंपनी दबाव आणते' या एका वाक्यावर काही होत नाही.

मान्यता मिळाल्यावरच रास्त वेतनाची लढाई सुरू होते. १९४८ च्या रास्त वेतन समितीपासून तीन पायऱ्या मानल्या जातात: किमान, रास्त आणि निर्वाह वेतन. किमान वेतनाचा पाया १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घातला: कुटुंबाची तीन एककं, माणशी २,७०० उष्मांक, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी २० टक्के. रेप्टाकोस ब्रेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सण, म्हातारपण यांसाठी २५ टक्के जोडले. हे पायाच्या पातळीचं झालं. त्यावरचं रास्त वेतन ठरतं ते कंपनीच्या ऐपतीवर आणि त्याच पट्ट्यातल्या त्याच उद्योगाच्या दरांवर. म्हणून 'महागाई वाढली, १०,००० वाढ द्या' असलं मागणीपत्र कमकुवत ठरतं. चाकण, भोसरी, रांजणगाव इथल्या तुमच्यासारखाच माल बनवणाऱ्या कारखान्यांतले गेल्या तीन वर्षांतले करार मिळवा. तिथल्या सीएनसी ऑपरेटरची हातात येणारी रक्कम आणि कराराची मुदत लिहून तक्ता करा. कंपनीचा ताळेबंद कंपनी निबंधकाकडे जमा असतो, शुल्क भरून पाहता येतो. पाच कारखान्यांचा तक्ता आणि तीन वर्षांचा ताळेबंद समोर ठेवला की बोलणं आकड्यांवर येतं.

ठेकेदाराच्या १६० जणांना बरोबर घ्या, पण त्यांचं प्रकरण तुमच्या अर्जात मिसळू नका. 'आम्ही मूळ कंपनीचेच कामगार' असा दावा करून थेट एमआरटीयूखाली तक्रार केली तर ती टिकत नाही. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन्ही निकालांत (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक-कामगार नातंच वादात असेल तर आधी ते योग्य न्यायाधिकरणापुढे ठरवून घ्या. या एका चुकीत कंत्राटी कामगारांची वर्षानुवर्षं गेली आहेत. किमान वेतनाचा दावा मात्र त्यांना आजच लावता येतो आणि त्यात ठेकेदार व मूळ कंपनी दोघांनाही प्रतिवादी करायचं, कारण ठेकेदाराने दिलं नाही तर देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. एटीएम कार्ड ठेकेदाराकडे असेल किंवा पगाराच्या दिवशीच रोख परत घेत असतील, तर बँकेचं विवरण काढा. दर महिन्याला सात-आठ जणांच्या खात्यातून एकाच मशीनवर, पाठोपाठच्या मिनिटांत, सारखीच रक्कम निघालेली दिसते. तो कागद बोलका असतो.

राहिला नोकरीचा प्रश्न. धोका नाही असं आम्ही म्हणणार नाही. संघटनेत गेला म्हणून काढणं, शिक्षा करणं किंवा आकसाने बदली करणं कायद्याला मंजूर नाही. बडतर्फीची तक्रार कामगार न्यायालयात, बदलीची औद्योगिक न्यायालयात, दोन्हींना नव्वद दिवस. काढून टाकेपर्यंत थांबायचीही गरज नाही. हिंदुस्तान लिव्हरच्या खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की बडतर्फीच्या दिशेने पावलं पडत असतानाही तक्रार करता येते. म्हणजे चार्जशीट हातात पडली की वकिलाकडे जा. चौकशीत गैरहजर राहू नका. मान्यता नसली तरी तुमच्या संघटनेचा प्रतिनिधी चौकशीत तुमच्या बाजूने उभा राहू शकतो.

आकस सिद्ध करताना पहिला प्रश्न असतो: तुम्ही संघटनेचं काम करता हे कंपनीला माहीत होतं का? बहुतेक जण भीतीने नावं लपवतात आणि मग तेच अंगाशी येतं. कंपनी म्हणते, आम्हाला ठाऊकच नव्हतं, आम्ही तर गैरहजेरीसाठी काढलं. म्हणून संघटनेच्या लेटरहेडवर, तुमच्या युनिट कमिटीच्या फक्त पाच-सात जणांची नावं आणि टोकन नंबर लिहून कंपनीला पत्र द्या. एक प्रत पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने, एक ईमेलने, एक कामगार आयुक्त कार्यालयाच्या आवकला शिक्का मारून. बाकीच्या सभासदांची यादी त्यात देऊ नका, ती तपास अधिकाऱ्यासाठी ठेवा. आणि हे पत्र वेतनाचा दावा दाखल करण्याच्या आधी जाऊ द्या, नंतर नव्हे.